हर्षाचं लर्निंग लायसन्स

४ मे, रविवार
हर्षाला परवा अठरा पूर्ण झाली. ठरलं. लायसन्स काढायचं आणि जुलैपासून तिनं सिहोऱ्याहून तुमसरच्या कॉलेजला रोज स्कूटीनं जाणं-येणं करायचं. तिला तुमसरला रूम करायची आहे. गरज नाही. एवढं घर, राहणारे दोघेच.
स्कूटी हर्षाच्या आईची, पंचफुलाची. जानेवारीत ती गेली तेव्हापासून ताडपत्रीखाली उभी आहे. शिकवणार मीच. मला चालवता येत नाही हे खरं, पण चौदा वर्षं बायकोच्या मागं बसलो. मागून रस्ता जास्त दिसतो.

७ मे
आरटीओची साइट वाचून काढली. आधी सुरक्षेचा व्हिडिओ, मग घरूनच ऑनलाइन परीक्षा. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर पाहिजेत. शाळेच्या ऑफिसात एकवीस वर्षं फॉर्म भरतो आहे. अडचण येणार नाही.
व्हिडिओ मी तीनदा पाहिला. हर्षानं एकदा.

९ मे, दुपारी १२.४०
परीक्षा रद्द. चौथ्या प्रश्नाला स्क्रीनवर आलं की कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसतो आहे. तो माझा होता. मी फक्त बाजूला बसलो होतो. बापानं बाजूला बसू नये असं कुठंही ठळक लिहिलेलं नाही.

१२ मे
पुन्हा रद्द. या वेळी दाराआड होतो. अकराव्या प्रश्नाला तिनं फार वेळ लावला म्हणून डोकावलो. हर्षा म्हणाली, बाबा, परीक्षा माही आहे का तुमची?

१५ मे
शेजारच्या ललिताबाईंनी चहाला बोलावलं. अंगणवाडीत असतात, पंचफुलाच्या मैत्रीण. चहा फार लांबला. घरी आलो तर हर्षा पास. पंधरापैकी चौदा, सहा मिनिटांत. चहा मुद्दाम होता हे मागाहून कळलं. असो. व्हिडिओचा आग्रह माझा होता.

२० मे, सकाळी
नियम असा की शिकणाऱ्यासोबत पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजे. म्हणून ललिताबाई मागच्या सीटवर. मी सायकलवर पुढं. सूचना एकच: सायकलच्या पुढं जायचं नाही.
मैदानावर हर्षा दोनदा पडली. म्हणाली, बाबा, इतकी हळू चालवली तं गाडी पडनच ना! ललिताबाईंनी विचारलं, भाऊजी, पोरगी स्कूटी शिकून राहिली का बैलगाडी? मी हसलो नाही. सुरक्षा हा हसण्याचा विषय नाही.

२ जून
सायकल पंक्चर. ढकलत पोचलो तोवर दोघी बपेऱ्याच्या रस्त्यानं फिरून आल्या होत्या. तेही चाळीसच्या स्पीडनं. रागावलो. हर्षानं हेल्मेट काढलं. तिच्या आईचं. आत एक लांब केस अडकला होता. तिनं तो तसाच ठेवला.
मी सायकल वळवून पंक्चर काढायला गेलो. उद्यापासून नियम कडक.

२३ जून
भंडाऱ्याला ट्रायल. त्या दोघी स्कूटीनं, मी बसनं. पाय टेकला की नापास. हर्षानं आठचा आकडा सुरेख काढला. शेवटच्या वळणावर जरा वेग वाटला म्हणून मी दोरीबाहेरून ओरडलो, ब्रेक! तिनं ब्रेक मारला. पाय टेकला.
साहेबांनी विचारलं, हे कोण आहेत? हर्षा म्हणाली, गावचे आहेत.
दुसरी तारीख जुलैच्या मध्यात. कॉलेज एक तारखेपासून. हा घोळ लोकांनी शांतपणे समजून घेतला पाहिजे. मी सावध केलं, एवढंच.

२९ जून
हर्षानं तुमसरला रूम घेतली, वर्गातल्या दीपमालासोबत. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. गादी आणि नवीन कुकर मी पोचवून आलो. लायसन्स मिळालं की सामान परत आणायचं, म्हणून कुकरचा खोका फेकला नाही.

६ जुलै
भात दोघांचा टाकला. हात चुकतो. एक वेळचा उरला. सकाळी तोच खाल्ला.

१४ जुलै, सोमवार
हर्षा पास. मला तारीख उद्याची सांगितली होती, आणि ललिताबाईंनी अंगणवाडीच्या कामाला म्हणून स्कूटी नेली होती. बसचं तिकीट काढायलाही निघणार होतो. ललिताबाई म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही नव्हते म्हणून झाली. हे त्यांचं मत.
फोनवर सांगितलं, आता ये घरी. ती म्हणाली, बाबा, रूमच बरी. कॉलेज पाच मिनिटांवर आहे. स्कूटी तुमच्यापाशीच राहू द्या. आता तुम्हीच शिका, अन् मले सुटीत घ्यायले येत जा.
विचार केला तर यात चांगली बाजू आहे. दोन महिने मी हाच विषय केला. आठवडाभराचं काम.

१५ जुलै
अर्ज भरला. डॉक्टरचा दाखला लागला. डॉक्टर म्हणाले, या वयात कायले? नियम आहे म्हटलं. खोका अजून कपाटावर आहे. घाई नाही.

१९ जुलै, शनिवार, सायंकाळी ५
माझी परीक्षा झाली. पंधरापैकी सहा. प्रश्न नीट काढलेले नाहीत. एका चिन्हाची तर दोन उत्तरं होऊ शकतात.
हर्षाचा फोन आला. किती पडले विचारलं. नेट गेलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मीच बसनं येत जाईन. पण दर रविवारी नाही जमणार.
ठीक आहे म्हटलं.