बाटलीवरची अरबी ओळ

मोहल्ला, पनवेल
१२ डिसेंबर १९९५

प्यारे इमादभाई,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र आणि खजूर पोचले. अम्मी बरी आहे. गच्चीवर बोंबील वाळत घालताना तुझी आठवण काढते आणि मग मांजरावर ओरडते.

दाऊदचं विचारलंस. धाकट्या भावाची चौकशी तू नेहमी पत्राच्या तळाशी करतोस, म्हणून मीही उशिराच लिहिते आहे.

मस्कतहून तुझी बाटली आली तेव्हा घरात ईद झाली होती. इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, एड्सवर औषध नाही, पण त्याचा टीबी गोळ्यांनी बरा होईल, कोर्स मात्र पुरा करा. तुझ्या चिठ्ठीत होतं, ‘दुकानदार म्हणतो, याने ती बिमारीच जाते. सोबत दुसरी दवा नको, असर मरतो.’ आम्ही टीबीच्या गोळ्या बंद केल्या. आम्ही कसले, मीच केल्या. डबा माझ्याच ताब्यात होता.

बाटलीवर सगळं अरबीत. अम्मी म्हणाली, “पाक हरफ हायत, त्याला वाचून दाखव.” मग रोज सकाळी गोळी देताना मी वाचायचे. अक्षरांवर उच्चाराच्या जेर-जबरच्या खुणा नाहीत, म्हणून अडखळत. आपल्याला कुराण वाचायला शिकवलं, अर्थ कुणी शिकवला? दाऊद डोळे मिटून ऐकायचा आणि आमीन म्हणायचा.

दोन महिन्यांत पुन्हा ताप आला, खोकल्यातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, मधेच सोडल्यात, आता त्याच गोळ्या लागू पडतील असं सांगता येत नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या जुम्म्याला नवे मौलवीसाहेब दुआ करायला आले. जाताना बाहेरच्या खोलीत त्यांनी ती बाटली सहज वाचली. म्हणाले, “ही नुसती ताकदीची गोळी आहे, बेटी. खाली लिहिलंय, डॉक्टरची दवा चालू असेल तर ती बंद करू नका.”

ती ओळ मी रोज मोठ्याने वाचत होते, इमादभाई.

तुला हे कळवायचं नाही असं चार दिवस ठरवलं होतं. पण तू आणखी दोन बाटल्या पाठवतोयस. पाठवू नकोस. रजा मिळाली तर तूच ये, आणि लवकर ये.

दाऊदला काही सांगितलेलं नाही. टीबीच्या गोळ्या पुन्हा चालू केल्यात. त्या घेताना तो ती रिकामी बाटली पुढे करतो, “बाजी, वाच ना.” मी वाचते. आता अडखळत नाही. तो आमीन म्हणतो.

तुझ्याइतकीच गुन्हेगार,
तुझी बहीण
शाजिया