म्होरक्या डब्यातच राहिला

मिरज,
ता. १२ एप्रिल १९४४

गुंडा, गड्या, तुला आणि बनुवहिनींना हंबीररावाचा रामराम.

हे पत्र मास्तर तुला वाचून दाखवतील. मास्तर, आपल्याला एक विनंती. वहिनी घरात असतील तर गुंडाला देवळाच्या कट्ट्यावर न्या आणि तिथं वाचा.

इकडं सगळं ठीक. उन्हाळ्यात पाय कमी दुखतो. आमच्या चंद्राबाईनं कुरडया घातल्या, त्यातल्या निम्म्या कावळ्यांनी नेल्या, आणि राखण माझ्याकडं होती म्हणून चार दिवस मीच बोलणी खातोय. तुमच्या जतकडं ओढ्यात झरे काढावे लागत असतील. कळपाला पाणी पुरतं का, ते कळव.

तू माझ्यावर रागावला आहेस. गेल्या मंगळवारी स्टेशनाच्या धक्क्यावर, चार माणसांदेखत, मी तुझी मेंढरं डब्यातून खाली उतरवली. "मागल्या येळंला चाललं आन् आता चालंना व्हय?" असं तू विचारलंस. मी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. एका डब्यात ऐंशी, जास्त नाही. तू थुंकलास आणि निघून गेलास. तुझ्या जागी मी असतो तर सायबाची टोपीसुद्धा उडवली असती.

पण तो कागद मागच्या वेळीही भिंतीवरच होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही.

शिमग्यानंतरचा तो दिवस आठव. पलटणीला समुद्रापार जिवंत मेंढरं हवी होती, ठेकेदाराला मुंबईची बोट गाठायची होती आणि डबे दोनच मिळाले होते. तुमच्या रीतीनं तुझा म्होरक्या मेंढा कान्या घंटी वाजवत फळीवरून आधी चढला आणि त्याच्यामागं बाकीची मुकाट चढली. एका डब्यात एकशे दहा. तू म्हणालास, "हंबीर, लय दाटी झाली रं. खाली बसलं त्ये उठायचं न्हाई." मी म्हणालो, "आमी फौजंत खेचरं बसऱ्याला न्हेली हायती. मला शिकवू नगंस." डब्यातली मेंढरं मोजून लिहायचं काम माझं. कागदावर ऐंशी लिहिली आणि सही ठोकली.

दार लावायच्या आधी म्होरक्याला बाहेर काढतात, हे मलाही ठाऊक होतं. तू आत शिरायला गेलास तर पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात गार्डाची शिट्टी झाली. "जाऊ दे रं, मुंबईहून परत मागवतो," असं मी बोललो आणि त्या शब्दावर तू घरी गेलास.

आता लिहितो. वाटेत पाणी पाजायला डबा उघडायचा असतो. दार उघडलं तर मेंढरं रुळावर कोसळतील म्हणून तो कुणी उघडला नाही. मुंबईत उघडला तेव्हा एकतीस मेंढरं मेलेली होती. कान्या सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली सापडला. पहिला चढला होता ना.

गोदीवर माझ्या पलटणीतला एक हवालदार आहे. त्यानं कान्याच्या गळ्यातली घंटी सोडवून पाठवली. गेला महिनाभर ती माझ्या पेटीत होती. वाजू नये म्हणून फौजेच्या कोटात गुंडाळून ठेवली होती.

बनुवहिनी लोकर घेऊन दोनदा मिरजेला आल्या, दोन्ही वेळा धक्क्यावर डोकावल्या. "आवं भावजी, आमचा कान्या कवा यायचा? त्येच्याबिगर कळप वढा वलांडंना." मी म्हणालो, कागद गेलाय, वाट बघा. कान्याची आई मेली तेव्हा ते पिल्लू त्यांनी चुलीपाशी ठेवून शेळीच्या दुधावर जगवलं होतं, आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. दुसऱ्यांदा तर सहज जमलं. त्याची मला जास्त लाज वाटते.

पुढचं नीट ऐक, हे तुझ्यावर येणार आहे. मेंढरं मुळातच रोगी होती असं मी लिहून द्यावं, म्हणजे सगळे सुटतील, असं ठेकेदार म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर सांगतो. तसं लिहिलं तर तुझ्या कळपाला पुन्हा कुणी हात लावणार नाही.

मी काल सायबाला खरं ते लिहून दिलं. एकशे दहा होती, ऐंशी लिहिली, सही माझी. शिवाय मागणी केली की मेंढरं धनगरासमोर मोजावीत, त्याचा अंगठा घेतल्याशिवाय दार लावू नये, आणि पाणी पाजायला कळपाचाच माणूस बोटीपर्यंत सोबत जावा. पुढं बोटीवर जनावरांचं काय होतं ते मी बसऱ्याला खेचरं नेताना पाहिलंय, पण त्यावर माझं काही चालत नाही.

चौकशी सोमवारी आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. चंद्राबाई म्हणाली, "जाऊ द्या नोकरी. पर त्या बाईला आदी सांगा."

तू सोमवारी ये. माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नकोस. दाटी झाली असं तू म्हणाला होतास आणि मी ऐकलं नाही, एवढंच सायबापुढं सांग.

मास्तर, आता वहिनींना बोलवा आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचा. घंटी सोबतच्या फडक्यात बांधली आहे, ती त्यांच्या हातात द्या. त्या जे बोलतील ते मला जसंच्या तसं लिहून कळवा, मऊ करू नका.

ज्याच्या शब्दावर तू कान्याला सोडून घरी गेलास,
तो हंबीरराव