पाटलीणबाईंसाठी समुद्राची हवा

१० एप्रिल १९७४
सकाळची शाळा. अकराला घरी येईपर्यंत वहाणेतून तळवे भाजून निघाले. रेडिओवर रोजचंच: विदर्भात उष्ण व कोरडे, कोकण किनारपट्टीवर उष्ण व दमट. य. तिथं, मी इथं. नवरा रत्नागिरीच्या वेधशाळेत तापमापक वाचतो म्हणून गाव मला ‘हवावाल्याची बाई’ म्हणतं. ‘मास्तरीणबाई’ म्हणायला जीभ जड होते यांची.

संध्याकाळी पाटील स्वतः आले. म्हणजे रस्त्यावर उभे राहिले, अंगणात पाय टाकला नाही. पाटलीणबाईंना दमा आहे. अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, समुद्राची हवा द्या.
“तुमच्या मालकाले लिहून पाहा बाई. तिकडं यंदाचा उन्हाळा कसा राहीन म्हणून.”
लिहिते म्हटलं. य.चा पत्ताही मागून घेतला. अडलं की आम्ही चालतो.

१६ एप्रिल
आमच्या बौद्धवाड्यातली विहीर आटली. आता पाटलांचीच. पण दोर आम्ही सोडायचा नाही. कोणी बाई आली, तिला वाटलं, तर ती वरून ओतणार. मामाजी (सासरे. सत्तरीचे) सकाळपासून रिकामी घागर घेऊन बसले. चार जणी पाणी भरून गेल्या. चौघींच्याही पोरी माझ्या वर्गात आहेत. मी शाळेतून आले तर मामाजी दगडावर आडवे, तोंडाला फेस. एक बाई म्हणते, “म्हाताऱ्याले सावलीत बसता येत नाही काय?” सावली फक्त विहिरीच्या कठड्याजवळ. तिथंच तर बसू देत नाहीत.

शिसारी आली. मामाजींना धरून घरी आणलं.

१९ एप्रिल
य.चं पत्र आलं. उतरून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल:
“पाटलांना सांग, आत्ता येऊ नका. समुद्र समोर आहे पण हवा नाही. वारा पडलाय. घाम वाळत नाही, कपडे वाळत नाहीत. मे याहून वाईट जाईल असं इथले जुने लोक म्हणतात, माझ्या नोंदीही तेच सांगतात. इथल्याच दमेकऱ्यांना पावसापर्यंत धाप लागलेली असते. बाईंना आणायचं तर दिवाळीनंतर आणा.”

पाटील सोमवारी निघणार.
पत्र ट्रंकेत टाकलं. नाही सांगणार. जाऊ दे, घेऊ दे समुद्राची हवा.

२० एप्रिल
पाटलांना नाही सांगितलं. मामाजी अजून खाटेवर आहेत. विचारलं, “काय लिवलं यशवंतानं?” सांगितलं.
“मंग सांगून ये.”
“तुमी उनात पडले तवा कोण आलं होतं सांगाले?”
“त्या बाईनं मायं काय केलं?”
तिचा खोकला शाळेपर्यंत ऐकू येतो, मुली पाढे म्हणायच्या थांबतात. आज पहिल्यांदा किळस आली ती माझीच. दोन दिवस एका बाईचा श्वास ट्रंकेत घालून बसले...

२१ एप्रिल
गेले. ओट्याखाली उभी राहून पत्र वाचून दाखवलं. पाटील सुपारी कातरत होते.
“डॉक्टर अकोल्याचा हाय, बाई. तुमच्या मालकाइतकंही त्याले समजत नसन काय?”
आतून पाटलीणबाई दाराशी आल्या. चौकट धरून. “काय लिवलं त्याइनं?”
“वहिनी, नका जाऊ. आता नका.”
त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “सामान बांधलं हाय.” झालं.

परत येताना बरंच वाटलं, की ऐकलं नाही. हेही लिहून ठेवते.

२२ एप्रिल
जऊळका स्टेशनहून आगगाडी. तिथवर बैलगाडीत गादी घालून नेलं त्यांना. मी वर्गात, खिडकीकडे पाठ करून.

८ मे
य.चं आंतरदेशीय. वाचून बसूनच राहिले.
बसमधून उतरल्या उतरल्या बाईंना धाप लागली. खोली मिळेना. पाटील पत्ता विचारत वेधशाळेत गेले. य.नं दोघांना आपल्या खोलीवर नेलं, स्वतः व्हरांड्यात झोपला. बाईंनी पाणी मागितलं. पाटील म्हणाले, थांब, बाहेरून आणतो. त्या थांबल्या नाहीत. य.च्या हातून दोन पेले प्यायल्या. दुसऱ्या दिवशी उकाड्यानं पाटीलही प्यायले. आठ दिवस दोघं आमच्या माठातलं पाणी, य.च्या हातचा भात. आता बाई सरकारी दवाखान्यात. “रात्रभर बसून काढतात. तुझी चौकशी करतात.”

मामाजींना वाचून दाखवलं. “बाई जगली पाह्यजे,” एवढंच बोलले.

१४ मे
पाटील परतले. एकटे. नांगरट राहिली म्हणे. बाईंजवळ त्यांचा भाऊ आहे.
संध्याकाळी आले. या वेळी अंगणात, अगदी उंबऱ्यापर्यंत. आवाज खाली.
“बाई, तिकडचं इकडं काढू नका.”
“तिकडचं काय?”
“तुमाले मालूम हाय. पाण्याचं. पोरीचं लगन कराचं हाय मले.”
“वहिनी कश्या हायेत?”
“हाये.” मग, “पाऊस पडेस्तोवर काही सांगता येत नाही म्हणते डॉक्टर.”
बायको तिकडे श्वासासाठी बसून आहे, आणि हा माणूस एवढे कोस तुडवून आला तो माठाची बातमी दाबायला. य.चं नाव नाही, आभार नाही. त्याच्या धोतराला अजून तो दमट वास येत होता. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तो उभाच. शेवटी गेला.

मामाजी आतून सगळं ऐकत होते. त्यांना सांगितलं, उद्या विहिरीवर दोर मी सोडणार. पाटलाला काय बोलायचं ते बोलू दे.
त्यांनी खाटेवरून पाय खाली घेतले.
“एकटी नको जाऊ,” म्हणाले. “मी येतो.”