पात्याची धार आणि हेमलॉकखालची जागा

आदरणीय टाउनोदादास,

सुपीरियर सरोवराकाठच्या बोचऱ्या वाऱ्यातून तुझ्या धाकट्या मावसभावाचा, नेस्टरचा, टोपी काढून नमस्कार. (टोपी लगेच परत घातली आहे. सप्टेंबर लागला, आणि डोक्यावर आता वाऱ्याला अडवणारं काही उरलेलं नाही.) तुझे गुडघे ॲरिझोनाच्या उन्हात वाळून खणखणीत झाले असतील, वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि निवडुंगांच्या त्या रांगेला बाग म्हणताना तुला हसू यायचं बंद झालं असेल, असं धरून चालतो. इकडे आमच्या सौ. लेम्पीचा डावा गुडघा जिना चढू देत नाही, पण जीभ उत्तम आहे. बटाटे काढून झाले. आंघोळीचा सौना तापत घातला आहे. तो तापेपर्यंत हे पत्र संपवायचा विचार आहे. तू हसशील, पण विचार आहे.

आनंदाची बातमी आधी सांगतो, कारण ती माझ्या पोटात राहत नाही: हेमलॉकखालची जागा माझीच राहिली! आपल्या दोघांच्या वडिलांनी ज्या झाडाला पाठ टेकून हरणांची वाट पाहिली, तू आणि मी जिथे एकाच डब्यातली गार पास्टी, ती मांस-बटाट्याची करंजी, अर्धी अर्धी खाल्ली, ती जागा यंदा माझ्या हातून जाता जाता राहिली. ती कशी राहिली हे ऐकण्यासारखं आहे, आणि ते मी स्वतःच सांगितलेलं बरं, कारण बाकीचे लोक ते नीट सांगत नाहीत.

झालं असं, की गेल्या पानगळीत मी तिथे बसलो असताना ओढ्यापलीकडच्या मेपलला असा काही रंग चढला, की मला मिस ऑग्रेनच्या वर्गातली एक कविता आठवली. ती म्हटली. मग तिच्या पुढच्या पानावरची म्हटली. (तुला आठवतं, बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकायच्या आणि चुकलेल्या शब्दाला नुसता खांदा उडवायच्या?) पुस्तक संपेपर्यंत अंधार पडला होता आणि आमचे जावई डुवेन ट्रकचा भोंगा वाजवत मला शोधत होते. हरवलो नव्हतो, दादा. तिसऱ्या इयत्तेत होतो. पण हे मुलीला कसं पटवायचं? मार्लिसने त्याच दिवशी ठरवलं, की बाबांचं आता वय झालं, यंदा ती जागा डुवेनला.

मी जेवण सोडलं. (दुपारचं. रात्री लेम्पीने वेलची घातलेला पाव केला होता.) शेवटी मार्लिस थोडी नमली.

"बाबा, सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीला आम्ही येऊ तेव्हा तीन बाण. वीस पावलांवरून, कागदी ताटलीत. सरावाची गोल टोकं चालणार नाहीत, शिकारीची खरी पाती हवीत. तिन्ही लागले तर जागा तुमची."

"आणि मारून झाल्यावर पाती मी तपासणार," डुवेन म्हणाला. "खोपीचा नियम तुम्हीच ऐकवता ना मामा, येता-जाता?"

नियम तुला सांगायला नको. आपल्या जंगलातल्या खोपीच्या दारावर तुझ्या वडिलांनी डांबराने लिहून ठेवला आहे: बोथट पातं रानात नेऊ नये. धारदार पात्याने हरीण शंभर पावलांत शांतपणे पडतं. बोथट पात्याने ते जखम घेऊन दलदलीत जातं, आणि मग नेम धरणाऱ्याला आयुष्यभर झोप लागत नाही. त्या नियमाची टिंगल मी कुणालाच करू देत नाही. पण दादा, त्या दोघांनी मिळून मला कसल्या पेचात टाकलं ते बघ! खऱ्या पात्यांनी नेम लागावा, तर खऱ्या पात्यांनीच सराव हवा, कारण गोल टोकाचा बाण सरळ जातो आणि रुंद पातं वाऱ्याला धरतं, मनात येईल तिकडे वळतं. आणि सराव केला की पातं बोथट. शाळेत आपण बाणांच्या किती कविता पाठ केल्या! प्रत्येकीत बाण सुटतो, लागतो, राजा पडतो, राणी रडते. त्या बाणाला धार कुणी लावली, हे एकाही कवीला सांगावंसं वाटलेलं नाही.

जूनमध्ये मी ओढ्याकाठच्या वाळूच्या दरडीवर मारायला सुरुवात केली. वाळू मऊ दिसते, पण आतून ती कानशीची सख्खी बहीण. पहिल्याच दिवशी पाती अशी झाली की त्यांनी पावाला लोणी लावताना पावालाही काही कळलं नसतं. मग रोज संध्याकाळी पायरीवर बसून कानस, दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा. धार आली की नाही हे बघायची आपली पद्धत तुला ठाऊकच आहे, हातावरचे केस भादरून बघायचे. डावा हात जूनमध्ये संपला. उजवा हात डाव्याने भादरताना थोडं रक्त आलं, पण तोही जुलैच्या आरंभी संपला. मग मी पायांकडे वळलो. शनिवारी सौनात शेजारच्यांनी विचारलं, नेस्टर, कुठे पोहण्याच्या शर्यतीला उतरतोयस का? दवाखान्यातल्या परिचारिकेने तर माझे गुळगुळीत हात बघून डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी मला तीन वेळा विचारलं की जेवण जातं ना, झोप लागते ना, घरी सगळं ठीक ना. आमचा कुत्रा मी पायरीवर बसलो की अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन झोपायला लागला.

त्याहून मोठं संकट वेगळंच होतं. कानस फिरवली की पातं झिजतं, झिजलं की हलकं होतं, हलकं झालं की बाण वर चढतो. वर चढतो म्हणून पुन्हा सराव, सरावाने पुन्हा बोथट, बोथट म्हणून पुन्हा कानस. मी नेम सुधारला की पातं बदलायचं, आणि पात्याशी जुळवून घेतलं की नेम बिघडायचा. अख्खा जुलै मी या रहाटात फिरलो. (संसारही असाच असतो म्हणा. पण तिथे निदान कानस कुणाच्या हातात आहे हे माहीत असतं.)

सल्ल्यांना तोटा नव्हता. डुवेनचं धनुष्य तू बघितलं नाहीस. सायकल झाडावर आपटून त्यातून जे उरेल त्याला दोरी बांधली, की झालं. चाकं आहेत, कप्प्या आहेत, घंटी तेवढी नाही. तो म्हणाला, "मामा, एवढं घासता कशाला? दाढीच्या पात्यासारखी बदलायची असतात ही. जुनं फेकायचं, नवं बसवायचं."

मी म्हटलं, "सासराही तसा मिळतो का, दुकानात विचारून ये."

"विचारलं," तो म्हणाला. "म्हणाले, हे मॉडेल आता बनत नाही."

जावई म्हणून मी त्याला मानत नाही, पण एवढं उत्तर मानलं. लेम्पी म्हणाली, एक जुना बाण सरावाला ठेव आणि चांगल्या तिघांना हात लावू नकोस. हे अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच लगेच मान्य करणं मला जड गेलं. शिवाय प्रत्येक पात्याचा स्वभाव वेगळा. वर्गातल्या एका पोराची परीक्षा घेऊन बाकीच्यांना पास करता येत नाही.

तेव्हा मारायचं तर तिन्ही, पण ज्यात धार मरणार नाही अशा कशात तरी. गवताच्या भाऱ्यात तार निघाली. भुशाच्या पोत्यात ओल होती. सकाळी विसरलेला बाण संध्याकाळी गंजून हसत होता. आणि मग ऑगस्टातल्या एका पावसाळी दुपारी मी माडीवरच्या खोलीची खिडकी लावायला गेलो, दम लागला म्हणून पलंगावर टेकलो, आणि खाली गेलो. हळूहळू, न बोचता, न आवाज करता खाली गेलो. दादा, थोर शोध असेच लागतात. ती पाहुण्यांची स्पंजची गादी! जी माझ्यासारख्या हाडकुळ्या माणसाला असं पोटात घेते, ती पात्याला काय दुखवणार?

लेम्पी खाली झोपली होती. मी गादी जिन्यावरून उतरवली (उतरवली म्हणजे ती पुढे आणि मी तिच्यावर), गोठ्यात नेऊन कापली, बटाट्याच्या पोत्यांत कोंबली, आणि पलंगावर फळ्या टाकून वर गोधडी पसरली. त्या पोत्यांत बाण असा शिरायचा की जणू कुणी कानात काहीतरी सांगितलं. बाहेर काढला, पट्ट्यावर दोनदा ओढला, की धार होती तशी. कानस नाही, झीज नाही. तीन आठवड्यांत मला तिन्ही पात्यांचे स्वभाव पाठ झाले. मधलं थोडं डावीकडे ओढ घेतं, पण ते जन्माचंच आहे.

परीक्षेच्या दिवशी सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले. पोत्यावर ताटली टाचली. मी धनुष्य उचललं. दोरी गालाला लागली की हात थांबतो. हे तूच मला शिकवलंस. पहिला ताटलीच्या मधोमध. दुसरा त्याच्या शेजारी, दोन बोटांवर. तिसऱ्याच्या वेळी वारा सुटला. मी थांबलो. इतका थांबलो की मार्लिस म्हणाली, "बाबा, कविता नको हां आता," आणि मी सोडला. ताटलीची कड चिरून आत.

"कडेला आहे," डुवेन म्हणाला.

"कड ताटलीचीच असते," लेम्पी म्हणाली. "तू कडेवरचा पाव टाकून देतोस का?"

मग त्याने बाही वर केली. माझे हात कामाचे राहिले नव्हते, म्हणून तपासणी त्याच्या हातावर. पोत्यातून काढलेलं पातं, पट्टासुद्धा न लावता, मी मनगटापासून कोपरापर्यंत नेलं. विजेच्या तारांखाली जंगल साफ करतात तसा पट्टा पडला. डुवेनने आयुष्यात पहिल्यांदा मी न मागता माझा कॉफीचा कप भरला. तुझ्या वडिलांचा नियम आणि आपली जागा, दोन्ही मी एका दिवसात राखली. मिस ऑग्रेन असत्या तर खिडकीतून मागे वळून बघितलं असतं त्यांनी.

सौना तापला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नेस्टर

ता. क. दुसरा बाण उपसताना पात्याबरोबर निळ्या फुलांची एक चिंधी बाहेर आली आणि लेम्पीने ती पाहिली. तिने ती खिशात घातली. तर एवढं कर: तिला वेगळं पत्र लिही, की डॉक्टरांनी तुला मऊ गादी बंद केली आहे आणि तू आता फक्त फळ्यांवर झोपतोस. ती गादी तुझ्याच मुक्कामासाठी ठेवलेली होती, दादा.

ता. क. दुसरा. वरचं पत्र लिहू नकोस. लेम्पी टॉवेल द्यायला आली ती म्हणाली, "टाउनो भावजींना कळव, नवी गादी आणलीय. जुनी तू जिन्यावरून आणलीस तेव्हा मी जागीच होते. म्हटलं, धडधड थांबली की उठून बघावं, जिवंत आहे की नाही. मग तुझी शीळ ऐकू आली."

ता. क. तिसरा. जागा माझीच राहिली, यात तसूभरही खोटं नाही. फक्त मार्लिसने मागाहून एक लहानशी अट घातली, की तिथे मी एकट्याने बसायचं नाही. दिवस मावळायला लागला की हाताला धरून उठवणारं कुणीतरी शेजारी हवं. डुवेन तयार आहे. भला माणूस आहे. पण तो वेफर्सची पिशवी उघडतो ती ओढ्यापलीकडे ऐकू जाते, आणि त्याला एकही कविता येत नाही. तुला धनुष्य ओढवत नाही हे मला माहीत आहे. ओढू नकोस. चालवत नसेल तर ट्रक झाडापर्यंत जातो. हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. मी त्या सगळ्यांना सांगून टाकलं आहे की तू येतोयस, आणि लेम्पीने पलंगावर नवी चादर घालून घेतलीसुद्धा.