अंगदशी बोलायचं कशावर

८ डिसेंबर
व्हॉट्सअ‍ॅप संपलं! प्रबंध छापायला घरच्या लॅपटॉपवर उघडलं होतं, ते तसंच चालू राहिलं. बाबांनी अंगदचा फोटो पाहिला. हा मेंढरांत उभा कोण, म्हणून विचारलं. म्हटलं, वर्गातला आहे. खोटं नाही — एम.एस्सी. एकत्रच केलं. वडिलांचा पाय मोडला म्हणून यंदा तोच आई आणि भावकीबरोबर मेंढरं घेऊन वैजापूरकडं गेलाय. पण बाकीचं बाबांना कळलं तर पुण्याच्या त्या स्थळाला लगेच होकार जाईल. मग मी काय करू?

११ डिसेंबर
बोलायला ओपन सोर्स अ‍ॅप शोधतेय. कोड सगळ्यांना उघडा, बोलणं फक्त दोघांचं. किती छान ना! सिग्नल अ‍ॅपला फोन नंबर लागतो, आणि माझं सिम बाबांच्या नावावर — नकोच. जित्सीवर अंगदचा चेहरा दिसला, पण मेंढरांच्या तळावर रेंज कमी. अर्धवट हसताना थांबला तो. मी तेवढ्याकडंच बघत बसले.

१३ डिसेंबर
जामी नावाचं अ‍ॅप सापडलं! नंबर नको, काही नको. व्हिडिओ बंद ठेवला की आवाज नीट येतो. ठरलं.

१७ डिसेंबर
संध्याकाळी गच्चीवर. त्याच्या मागं मेंढरांच्या घंटा, चुलीचा तडतडाट. आमच्या पुंडलिकनगरात दिवे लागत होते आणि मी मात्र मका काढलेल्या कुठल्यातरी रानात, त्याच्या शेजारी घोंगडीवर. काय काय बोलले! आमची हळद कुठं लागावी, नव्या कोकराचं नाव, त्याच्या आईची मला किती भीती वाटते. तो नुसतं "व्हय" म्हणत होता.

२० डिसेंबर
रेंज नाही. दिवस रिकामा गेला.

२१ डिसेंबर
मेले मी! आज मध्येच बाईचा आवाज. म्हाळसाबाई — त्याची आई! फोन कानाला लावून बाजूला गेलं की तळावरचे धास्तावतात, काही वाईट बातमी दडवतोय म्हणून. तिथं प्रत्येक फोन स्पीकरवरच. पहिल्या दिवसापासून अख्खा तळ ऐकत होता! अंगदला वाटलं, मला माहीतच असणार. गाढव.

त्या म्हणाल्या, "भिऊ नको पोरी. लई आवडलीस आमाला. पर तुझ्या बापाला ठाव हाय का?"

म्हटलं, नाही.

"मग चोरून नाय बोलायचं. त्यायला समोर बसव. मी बोलते."

२२ डिसेंबर
बाबा चहा घेत होते. त्यांच्या शेजारी जाऊन बसले. अंगदला कॉल लावला — स्पीकरवर.