खुंटीवरची पिशवी

मंगळवार, ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असताना काळजीचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तुझ्या भिंगरीचं व्हायोलिनवादन पुढच्या रविवारी संध्याकाळी इथे, माझ्याच खोलीवर ठरलं आहे. तिला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, लोकांसमोर पहिल्यांदा वाजवायचं तर रोज सराव करते तिथेच वाजवू दे. बाईंच्या ओळखीची मोजकी जाणकार मंडळी येतील.

मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. खोलीला टर्पेंटाइनचा वास येतो, म्हणून डबे गॅलरीत हलवले. आता ते कोणी उचलून नेईल ही धास्ती. खालचा चपलांचा दुकानदार खुर्च्या देतो म्हणाला, पण त्यातली एक कुरकुरते, आणि कुठली ते कोणी बसल्याशिवाय कळत नाही. भिंगरी मात्र निवांत आहे. मला विचारते, मामा, वाजवायचं तुला आहे का?

भाऊजींच्या कानावर घातलंस ना? लोभ आहे तो तसाच ठेव.

तुझा भाऊ

शनिवार, ता. ८

चि. बारीकराव यांस अनेक आशीर्वाद.

खुर्च्यांवर तूच एकेकदा बसून बघ, म्हणजे प्रश्न मिटला. लहानपणी जेवायला बसायच्या आधी पाट हलवून बघायचास, ते काही सुटलं नाही.

मला यायचं होतं रे. पण हा पाय! हे येणार आहेत, ड्यूटी बदलून घेतली आहे. आता खरं सांगते, घाबरू नकोस. ह्यांचं म्हणणं, पोरीच्या हातात खरंच काही असेल तर राहू दे तिकडे. नसेल तर तुझ्या गळ्यात किती दिवस ठेवायची, आणि शाळाही बुडते. चारचौघांत मध्येच अडली तर सोबतच घेऊन येतो म्हणाले. तिचे कपडे आणायला मोठी निळी पिशवीही काढून ठेवली आहे. भिंगरीला यातलं काही बोलू नकोस.

माझा जीव तिथे आहे. सगळं बारीकसारीक कळव, ते तुला सांगायला नकोच.

तुझी ताई

सोमवार, ता. १७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? सगळा घोळ मी केला.

खुर्च्या तपासल्या, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मग भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. वाजवणं ऐन रंगात आलं आणि सहाचे ठोके पडले तर? म्हणून मंडळी यायच्या आधी मी लंबक थांबवला.

भिंगरीने सुरुवात छान केली. थोडं वाजवलं आणि थांबली. भिंतीकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पोर रोज त्या टकटकीवर सराव करते. भाऊजी मागे बसले होते, त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. मी घड्याळ लावायला उठलो, तर नेमकी माझीच खुर्ची कुरकुरली. भिंगरीने मानेनेच मला बस म्हणून सांगितलं. डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं, पण जरा सावकाश.

मला त्यातलं कळत नाही. एवढं सांगतो, खालचा दुकानदार चहा घेऊन दारात आला तो तसाच उभा राहिला, आणि नंतर सगळ्यांनी गार चहा मुकाट्याने प्याला. बाईंनी डोळे पुसले.

मंडळी गेल्यावर भाऊजींना सांगितलं, ती अडली त्यात तिचा दोष नाही, घड्याळ मी बंद केलं होतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं बस चालवतो मी. गाडी बंद पडली की ड्रायव्हरने थांबवली, एवढं मला कळतं."

यापुढे अक्षर नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस पकडायला गेले. काय ठरवलं, विचारायचा मला धीर झाला नाही. पिशवी खुंटीला विसरून गेले आहेत. झटकून, घडी घालून ठेवली आहे. पोस्टाने पाठवू का? की न्यायला परत येतील? रात्रभर तोच विचार. घड्याळ पुन्हा लावू का म्हणून भिंगरीला विचारलं, तर राहू दे म्हणाली.

उत्तर लगेच पाठव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ

शुक्रवार, ता. २१

चि. बारीकराव यांस अनेक आशीर्वाद.

पिशवी पाठवू नकोस. ह्यांनी आजवर बसमध्ये दुसऱ्याची छत्रीसुद्धा राहू दिलेली नाही, स्वतःची पिशवी विसरतील का? भिंगरीची पुस्तकं ठेव त्यात. शाळा बुडवायची नाही, असा निरोप आहे.

सोमवारी हे मोकळ्या हातांनी दारात उभे राहिले तेव्हाच मी ओळखलं. काय वाजवलं तिने म्हणून मी विचारलं. चपला काढल्या, स्टुलावर चढले आणि आपलं भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. मग माझ्या प्लास्टरच्या पायाशी बसून गुणगुणायला लागले. सूर कुठल्या कुठे जात होते. एका जागी थांबले, म्हणाले, "इथे ती थांबली होती," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी हसले नाही. सगळं ऐकलं.

आता तू झोप. माझा लोभ कुठे जात नाही.

तुझी ताई