चोवीस जणींची नाडी

१३ सप्टेंबर २००७, गुरुवार

पहाटेची एस.टी., यवतमाळला गाडी बदलली, साडेअकराला विद्यापीठाच्या ग्रंथालयात. वरच्या मजल्यावर संगणकांची खोली. आरोग्य आणि क्रीडाशास्त्राची जगभरची नियतकालिकं त्या पेटीत आहेत, पण या आवारातच उघडतात. चपला दाराबाहेर काढल्या. ग्रंथपाल मानकर बाई म्हणाल्या, "सर, घाला. इथं सगळे घालूनच बसतात." नाही घातल्या. बसवेना.

शोधायच्या चौकटीत मी इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला. खो-खो खेळणाऱ्या ग्रामीण मुलींच्या दमाविषयी कृपया माहिती मिळावी, वगैरे. उत्तर आलं, काही सापडलं नाही. बाई मागंच उभ्या होत्या. "सर, तो साहेब नाही. त्याला विनंती नको. दोन-तीन शब्द द्या फक्त."

नाडी, व्यायाम, मुली. एवढंच दिलं आणि पानामागून पान लेख! जगात इतकी माणसं दुसऱ्याच्या मनगटावर बोट ठेवून बसली आहेत, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. चार वाजेपर्यंत उठलो नाही. डबा तसाच परत.

माझ्या शाळेतल्या खो-खोच्या चोवीस जणींचे आकडे सोबत होते. लाकडी ठोकळ्यावर चढ-उतर करायची, मग नाडी किती लवकर खाली येते ते मोजायचं. श्रावणातले चारही सोमवार घेतले. अर्धी सुट्टी, मैदान मोकळं. झरीकडच्या सात जणी बाकी सतरांच्या स्पष्ट पुढं आहेत. कारण लिहून ठेवलंय : जंगल, चढण, लहानपणापासूनची पायपीट. आता आधाराचे लेख तेवढे हवेत. ११ ऑक्टोबरला पीएच.डी.च्या संशोधन समितीपुढं मांडायचं आहे. मुदतवाढ ही शेवटची.

१४ सप्टेंबर, शुक्र.

घरी बायको, सुमन, म्हणाली, "पन्नाशीले आले आन् चेहरा पाहा, जत्रेतून आल्यासारखा." खरं आहे. आज मारेगावात ज्याच्या-त्याच्या तोंडी बोंडअळी आणि भाव. परवा मागच्या गल्लीत, जीव दिलेल्या एका कास्तकाराच्या घरी, सांत्वनाला जाऊन आलो. अशा वर्षात मला इतका आनंद व्हावा हे बरं की वाईट, मारुतीराय जाणे. उद्या गणपती बसतील.

२२ सप्टेंबर, शनि.

ग्रंथालय. बाईंनी नवीन गोष्ट दाखवली. प्रत्येक विषयाची त्यात वंशावळ आहे. वर आजोबा, खाली नातवंडं, बाजूला चुलत भावंडं. 'नाडी' उघडली. बाजूला भावंडं : वय, उष्णता, झोप, पाणी, उपवास.

उपवास? गंमत म्हणून उघडला. रोजे ठेवणाऱ्या फुटबॉल खेळाडूंवर लेखच लेख. दोन-तीन सारांश वहीत उतरवले. चांगलं वाटलं, कोणीतरी हेही मोजतंय.

दुपारी बाहेर पायरीवर डबा उघडला. शनिवार, म्हणून साबुदाण्याची उसळ. पहिला घास हातात आणि

सोमवार. चारही सोमवार. श्रावण.

पोरी उपाशी होत्या. मीही उपाशीच होतो, म्हणून दिसलं नाही. उसळ खाल्ली की नाही, आठवत नाही. परत वर गेलो. बाईंना सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. मग मीही. खोलीतले दोघं-तिघं वळून पाहत होते.

येताना गाडीत मात्र हसू नव्हतं.

२३ सप्टेंबर, रवि.

सुमनला सांगितलं. "आता?" म्हणाली. आता काय. कोणाला सांगितलं नाही तर कोणालाच कळणार नाही. समितीतले तिघंही शहरातले, त्यांना आकडे दिसतील, वार दिसणार नाही. दिवसभर हा विचार मनात येत-जात राहिला. लिहून ठेवतो, म्हणजे आला नव्हता असं पुढं म्हणता येणार नाही.

२४ सप्टेंबर, सोम.

मैदानावर सगळ्यांना गोल बसवलं. विचारलं, श्रावणात मोजमाप केलं तेव्हा उपवास कोणाकोणाला होता?

सतरा हात वर.

आमची कप्तान वैशाली : "सर, तुमीच तं म्हनलं होतं, सोमवार करा, मन थाऱ्यावर राह्यते."

म्हटलं होतं. तिघींनी तर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

हात खाली असलेल्या सात जणी झरीकडच्या. सोनी आत्राम म्हणाली, "आमच्या घरी श्रावण सोमवार नसते, सर. मी तं मस्त वांग्याची भाजी-भाकर खाऊन येत होती."

पोरी लोळून हसल्या. वैशाली तिला म्हणाली, "पाह्यलं? सर म्हनत होते जंगलाचा दम. वांग्याचा दम होता तो!"

माझी दोन वर्षांची थिअरी वांग्यात गेली. कसं कोण जाणे, मोकळं वाटलं.

२६ सप्टेंबर, बुध.

मार्गदर्शक वानखडे सरांना फोन. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण धाक वाटतो. सगळं सांगितलं. ते : "गुरुजी, समिती नोंदणी रद्दही करू शकते. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय सर."

"तरी लिहून देणार?"

"हो."

"मग पुन्हा मोजा. सगळ्या चोवीस. अकरा तारखेच्या आत. एकही कमी चालणार नाही, आधीच आपण अर्ध्या खड्ड्यात उभे आहोत." शेवटी हसले असावेत. फोनवर नक्की कळत नाही.

अर्ज टाकला पोस्टात. चूक, वार, कारण, सगळं.

२९ सप्टेंबर, शनि.

वैशाली आणि मी दिनदर्शिका घेऊन बसलो. कोणाचाही उपवास नसेल असा वार हवा. सोमवार महादेवाचा, गेला. मंगळवार चौघींचा. गुरुवार सहा जणींचा. शुक्रवार दोघींच्या आयांनी लावून दिलेला. शनिवार माझाच. रविवारी कोणी येणार नाही. तिनं बुधवारावर गोल केला. "सर, बुधवारी देव सुट्टीवर असते वाटते."

घरी सुमन : "पितरांच्या दिवसांत नवं काम सुरू करते का कोनी?"

"नवं कुठं? जुनंच दुरुस्त करून राह्यलो."

"मंग करा. पितरं पोट भरल्यावर कोनाले नाई नडत."

३ ऑक्टोबर, बुध.

सगळ्यांना सकाळी सारखंच खायला घातलं. सुमननं भाकरी थापल्या, मुलींनी वाढलं. तासभर आराम. मग ठोकळा. मी शिट्टी, वैशाली घड्याळ.

तेवीस झाल्या.

आकडे पाहून किती वेळ तसाच उभा होतो. श्रावणात मागं पडलेल्या कितीतरी जणी पुढं आल्या. झरीच्या सहा जणी अजूनही किंचित पुढं आहेत, पण कडा नाही राहिला, उतार झालाय. एक मुलगी तर उपाशीच बरी होती! तिला विचारलं, कसं काय? "तुमी टक लावून पाहून राह्यले होते ना सर, भेव लागलं आज." हेही लिहिलं. खोटं उत्तर एक होतं. आता खरे प्रश्न पाच-सहा आहेत.

चोविसावी सोनी. आलीच नाही. वैशाली म्हणाली, "ती कालच गेली गावाले. कापूस फुटला म्हने."

६ ऑक्टोबर, शनि.

ग्रंथालय. नाडीचे पुढचे लेख. आज एक पाहिलं. चांगल्या लेखाच्या शेवटी-शेवटी एक परिच्छेद असतो, 'मर्यादा'. आम्ही काय मोजू शकलो नाही, कुठं चुकलो असू, हे ज्याचं त्यानंच लिहायचं. एवढी मोठी माणसं, एवढी उपकरणं, आणि शेवटी हात जोडून उभी. संध्याकाळी दिवा लावताना मी जे करतो त्याच्यापेक्षा हे काय वेगळं आहे? मानकर बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर, हे कोणी मला आजवर सांगितलं नव्हतं. पण तुमची मर्यादा जरा जास्तच लांब होणार."

चपला आजही बाहेरच. बाईंच्याही बाहेर होत्या, हे निघताना दिसलं.

९ ऑक्टोबर, मंगळ.

दोन दिवस निरोप पाठवून उत्तर नाही. शेवटी रजा टाकली, ठोकळा मोटरसायकलला दोरानं बांधला आणि निघालो. झरीच्या चौकात चहाला थांबलो तर टपरीवाला : "सर, पाट कोनाच्या लग्नाचा?"

तीनच्या सुमारास सोनीचं वावर. मायलेकी कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. सोनी पाहतच राहिली. "सर! ठोकळा घेऊन?"

सकाळी सहापासून उन्हात वाकलेली पोर. घड्याळ खिशातून काढलं, परत ठेवलं. उपाशी नाडी चालत नाही, तर दमलेली कशी चालेल?

तिची आई म्हणाली, "मोजा ना, सर. येवढ्या दुरून आले. पोट्टी काई थकून नाई राह्यली."

"आज नको, बाई. उद्या सकाळी. कामाच्या आधी, खाऊन, आराम करून."

"उद्या? वर पाहा." आभाळ भरून आलेलं. फुटलेला कापूस भिजला तर गेला. तिचं खरं होतं. परवा समिती, माझंही खरं होतं.

मग म्हटलं, "सकाळी तुमचा जेवढा वेळ जाईल, तेवढा कापूस मी आता वेचून देतो."

"तुमचा हात चालते का अजून?"

"कास्तकाराचा पोरगा हाय."

ओटी बांधली. पहिली ओळ संपेस्तोवर मायलेकी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. सोनी ओरडली, "सर, कंबर सरळ! तुमीच शिकवता ना!" किती वर्षांनी एवढा हसलो. बोटांना काटे, कंबर गेलेली. मुक्काम गावातल्या शाळेत.

१० ऑक्टोबर, बुध.

एस.टी.त लिहितोय, अक्षर हलतंय. मोटरसायकल पांढरकवड्याला ओळखीच्याकडं ठेवली, ठोकळाही.

पाऊस आला नाही. सकाळी सोनीनं भाकर-दूध घेतलं, तासभर बसून राहिली. अंगणात ठोकळा डगमगत होता, आईनं खाली लाकडाची ढलपी सरकवली. मी शिट्टी मारली. शेजारच्या दोघी-तिघी बाया येऊन उभ्या. सोनी ताठ मान, सरळ पाठ, चढतेय, उतरतेय. थांबली. मनगट धरलं. तीनदा मोजलं, तीनदा लिहिलं.

चोवीस पूर्ण.

उद्या समिती काय म्हणेल, माहीत नाही. वानखडे सरांनाही माहीत नाही. अर्ज समितीपर्यंत पोचलाय एवढं कळलं.

कापूस वेचताना समितीचं सगळं सांगितलं होतं. निघताना सोनीच्या आईनं विचारलं, "सर, पोट्टीची नाडी बरी हाय ना?"

"एकदम बरी."

ओटी कमरेला बांधत ती म्हणाली, "मंग त्या समितीवाल्याइले म्हना, आता आमच्या सरचीही मोजा, पन जेवल्यावर."